ट्रायग्लिसराइड 285: दोन गर्भपातांनंतरच्या तपासण्या

दुसऱ्या गर्भपातानंतर तपासण्यांची जी यादी माझ्या हाती आली, तिच्यात लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) अगदी शेवटी, तेही पेनाने लिहिलेले होते. छापील यादीत थायरॉइड, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (रक्त गोठण्याकडे कल वाढवणारी प्रतिपिंडे), गर्भाशयाची थ्री-डी सोनोग्राफी आणि आम्हा दोघांची गुणसूत्र तपासणी एवढे होते. माझ्या वडिलांची बायपास पन्नाशीतच झाली आहे हे बोलण्याच्या ओघात कळल्यावर मॅडमनी, म्हणजे माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी, पेन उघडून खाली एक ओळ वाढवली. पुढचे कित्येक महिने घरात, नातेवाइकांत आणि माझ्या स्वतःच्या मनात सर्वाधिक चर्चा झाली ती त्या पेनाने लिहिलेल्या ओळीवरून आलेल्या आकड्याची. तो आकडा काय सांगत होता आणि लोक त्याच्याकडून काय वदवून घेत होते, यातले अंतर मला हळूहळू कळत गेले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोन्ही गर्भपात पहिल्या तिमाहीतले होते. पहिल्या वेळी सोनोग्राफीत सॅक, म्हणजे गर्भाची पिशवी, दिसली, पण तिच्यात गर्भ दिसला नाही. आठवड्याहून जास्त थांबून पुन्हा पाहिले तेव्हा सॅकचा सरासरी व्यास 25 मिलिमीटरच्या पुढे गेलेला होता आणि आत काहीच नव्हते. तेव्हा मॅडमनी तपासण्या काढल्या नाहीत. दिवस गेल्याचे निश्चित झालेल्या 100 स्त्रियांपैकी सुमारे 15 जणींच्या बाबतीत असे घडते, आणि पहिल्या तिमाहीतल्या अशा घटनांपैकी जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, त्यामुळे एका गर्भपातानंतर शोधाशोध केल्याने बहुधा हाती काही लागत नाही, असे त्यांनी समजावले आणि ते मला पटले होते. दुसऱ्या वेळी गर्भ दिसला. त्याची लांबी 9 मिलिमीटर होती. लांबी 7 मिलिमीटर झाल्यावरही ठोके दिसत नसतील तर गर्भ थांबला असे मानतात. म्हणजे या खेपेस आठवडाभर वाट पाहण्याचीही सवलत नव्हती. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला, बाण नेऊन गर्भावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘हे बघ, इथे हालचाल दिसायला हवी होती.’’ शंकेला जागा न ठेवण्याची त्यांची ही पद्धत मला त्या क्षणी कठोर वाटली, पण पुढे जेव्हा जेव्हा ‘आणखी थोडं थांबायला हवं होतं का’ असा विचार आला, तेव्हा तेव्हा तो स्थिर बाण आठवून तो विचार थांबला.

या वेळी पिशवी साफ केल्यावर निघालेला भाग गुणसूत्र तपासणीसाठी पाठवला. सोबत माझे रक्तही घेतले, कारण अशा नमुन्यात आईच्याच पेशी मिसळून अहवाल फसवा ‘सामान्य’ येऊ शकतो. तुलना केली तर तो घोळ टळतो. अहवालात गुणसूत्रांची संख्या आणि रचना सामान्य असल्याचे आले. पुष्कळ जणींना अशा वेळी सदोष गुणसूत्रांचा अहवाल मिळतो आणि विचित्र वाटेल, पण त्याने दिलासा मिळतो, कारण आईने काहीही केले असते तरी तो गर्भ वाढलाच नसता हे त्यातून स्पष्ट होते. मला तो दिलासा मिळाला नाही. उरलेल्या तपासण्या एकेक करून आल्या आणि सगळ्या नीट आल्या. थायरॉइडचे टीएसएच 2.1 होते, अँटिबॉडीज नव्हत्या, गर्भाशयाचा आकार नेहमीसारखा होता, आमच्या दोघांच्या गुणसूत्रांत अदलाबदल नव्हती. एचबीएवनसी तेवढे 5.9, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडच्या पट्ट्यात होते. आणि मग लिपिड.

लिपिडसाठी रक्त द्यायला गेले ती सकाळ लक्षात राहण्यासारखी होती. बाई घरी रिकाम्या ओटीने परतली तरी आमच्याकडे तिला बाळंतिणीसारखेच जपतात. सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले होते, अळिवाची खीर रोज होती आणि सकाळी तुपातला शिरा. प्रेमाने केलेले ते सगळे मी खात होते. रक्त दिल्यानंतर मी कापूस दाबून बाकावर बसले होते, तेवढ्यात आतल्या तंत्रज्ञ मुलाने यंत्रातून काढलेली नळी उजेडासमोर धरली आणि बाहेर येऊन विचारले, ‘‘ताई, काल रात्री काही तुपकट खाल्लं होतं का?’’ नळीत तळाशी रक्तपेशी बसलेल्या होत्या आणि वरचा द्रव, जो फिकट पिवळा आणि आरपार दिसायला हवा, तो ताकाच्या निवळीसारखा गढूळ होता. संध्याकाळी अहवाल आला तो ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) 342 असा, आणि खाली ‘नमुना किंचित लिपेमिक’, म्हणजे चरबीने गढूळ, असा शेरा.

मॅडमनी त्या अहवालावर काहीच निर्णय घेतला नाही. गर्भारपणात रक्तातली चरबी मुळातच वाढते, शेवटच्या तिमाहीपर्यंत ट्रायग्लिसराइड दुप्पट ते चौपट होऊ शकतात. गर्भपातानंतर शरीर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. त्यात हे लाडू. तेव्हा पाळी नियमित झाल्यावर, नेहमीचे जेवण सुरू असताना आणि रात्रभर काही न खाता पुन्हा रक्त द्यायचे ठरले. ही साधी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पहिलाच अहवाल धरून बसले असते तर मी 342 या आकड्याला घाबरून औषधे सुरू केली असती. दुसऱ्या अहवालात ट्रायग्लिसराइड 285 आले. एकूण कोलेस्टेरॉल 212, एचडीएल (चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल) 34, एलडीएल (वाईट समजले जाणारे) 121.

हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात आणि त्यातला प्रत्येक मोजलेला नसतो, हे मला तेव्हा कळले. बहुतेक साध्या अहवालांत एलडीएल हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही. ट्रायग्लिसराइड 150 च्या खाली हवे, 200 च्या वर ते जास्त धरतात. स्त्रियांचे एचडीएल 50 च्या खाली असेल तर कमी. म्हणजे माझी खरी अडचण ‘कोलेस्टेरॉल वाढले’ ही नव्हतीच. चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त अशी ती जोडी होती, आणि ही जोडी आपल्याकडे इतकी सर्रास आढळते की तिला आजार म्हणताना जीभ अडखळावी. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे 2014 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मी नंतर वाचले. तमिळनाडू, झारखंड, चंदीगड आणि आपला महाराष्ट्र यांतल्या प्रौढांपैकी 72.3 टक्के लोकांचे एचडीएल कमी होते आणि 29.5 टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड जास्त. एवढ्या स्त्रियांच्या रक्तात हेच असताना त्यांतल्या बहुसंख्य बाळंत होतात, हा विचार पुढच्या काळात मला अनेकदा आधार देऊन गेला.

घरात मात्र अहवालाचा अर्थ लगेच लागला. इतके दिवस ‘का’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. आता ठळक अक्षरांत छापलेला, बाजूला तारा काढलेला आकडा होता. मावससासूबाईंचा फोन आला. ‘‘अगं, रक्तात चरबी आहे म्हणे तुझ्या. मग गर्भ कसा धरणार? त्या ऑफिसच्या कँटीनचं बंद कर आधी.’’ सासूबाई तसे काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी डिंकाच्या लाडवांचा डबा आवरून वर ठेवला आणि दोन दिवस त्या गप्प होत्या. शेवटी मीच म्हटले, ‘‘आई, तुमच्या लाडवांनी काही झालेलं नाही. लाडू नंतर आले.’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘ते मला कळतं गं. पण कशानं झालं, ते तरी सांगतील का कुणी?’’ माझ्यावर ठपका ठेवणाऱ्यांचा मला राग येई, पण हा प्रश्न त्यांचा एकट्यांचा नव्हता. कारण मिळाले की माणसाला पुढचे पाऊल टाकता येते असे वाटते, आणि म्हणूनच हाती लागलेल्या पहिल्या गोष्टीला कारण म्हणण्याची घाई होते.

मॅडमनी पुढच्या भेटीत या घाईला आळा घातला. मी विचारले होते की प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासूनच तयार होते असे वाचले आहे, मग कोलेस्टेरॉल जास्त असणे वाईट कसे? त्यांनी सांगितले ते असे. बीज फुटून गेल्यावर बीजकोशात उरलेली ग्रंथी पहिल्या काही आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन बनवते आणि नंतर ते काम वार घेते. दोघींनाही लागणारा कच्चा माल आईच्या रक्तातल्या एलडीएलमधून येतो. हा माल माझ्याकडे कमी नव्हता. प्रश्न असलाच तर दुसरीकडे होता. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी ही जोडी बहुधा इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची खूण असते, आणि तिच्यासोबत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज, चरबीच्या कणांचे ऑक्सिडेशन आणि रक्त गोठण्याकडे कल हे सारे येऊ शकते. नेमक्या त्याच आठवड्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद करत असतात. तेव्हा संबंध असू शकतो, त्याची वाट समजते. पण ज्या अभ्यासांत लिपिड बिघडलेल्या स्त्रियांत गर्भपात जास्त दिसले, ते बहुतेक निरीक्षणाचे अभ्यास आहेत, आणि त्यांत वजन, पीसीओएस (बीजकोशांचा संप्रेरकांशी निगडित विकार), थायरॉइड, वय हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. ‘‘लिपिडमुळे तुझा गर्भपात झाला, असं मी कुठेही लिहून देणार नाही,’’ असे त्या म्हणाल्या. ‘‘पण तुझ्या फायलीत बदलता येण्यासारखी हीच एक गोष्ट आहे, आणि ती बदलण्यात तोटा काहीच नाही.’’

या वाक्यामुळे मी शांतपणे कामाला लागले. त्यात दोष नव्हता, आश्वासनही नव्हते.

नवऱ्याचे लिपिड तपासण्याचा आग्रह माझा होता. अमेरिकेत मिशिगन आणि टेक्सास या राज्यांत मूल होऊ देऊ पाहणाऱ्या 501 जोडप्यांचा ‘लाइफ’ नावाचा अभ्यास झाला होता. दोघांच्याही रक्तातले मुक्त कोलेस्टेरॉल जास्त असेल तर दिवस राहायला अधिक वेळ लागतो असे 2014 मध्ये त्यातून मांडले गेले. हा निष्कर्ष दिवस राहण्याबद्दलचा आहे, गर्भ टिकण्याबद्दलचा नाही, हे मला ठाऊक होते. तरी त्यातला ‘दोघांच्याही’ हा भाग मी त्याला वाचून दाखवला. त्याचे ट्रायग्लिसराइड 231 निघाले. त्या दिवसापासून ‘तिचे पथ्य’ हे ‘आमचे पथ्य’ झाले, आणि मावससासूबाईंचे फोनही बरेच सौम्य झाले.

मध्ये औषधांचा एक प्रसंग झाला. फिजिशियनकडे अहवाल दाखवला तेव्हा त्यांनी वडिलांचा इतिहास पाहून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे) आणि फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड कमी करणारे) अशी एकत्रित गोळी लिहून दिली. त्यांच्या दृष्टीने मी हृदयविकाराची पार्श्वभूमी असलेली चौतिशीची स्त्री होते. पुन्हा दिवस जावेत असा प्रयत्न करणार आहोत, हे मी सांगताच त्यांनी स्वतःच गोळी खोडली आणि मॅडमशी बोलून घ्यायला सांगितले. स्टॅटिनवर गर्भारपणात पूर्वी सरसकट मनाईची सूचना असे. 2021 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती सरसकट सूचना काढायला लावली, परंतु बहुतेक स्त्रियांनी दिवस राहिल्यावर हे औषध थांबवावे हा सल्ला कायम ठेवला. अनुवंशिक आजाराने ज्यांचे एलडीएल फार वाढलेले असते, त्यांचा विचार वेगळा होतो. माझे ट्रायग्लिसराइड 500 च्या वर असते तर स्वादुपिंडाला सूज येण्याच्या धोक्यापायी औषधाचा विचार करावा लागला असता. 285 ला खाणे आणि चालणे पुरे, यावर दोघा डॉक्टरांचे एकमत झाले. सोबत फॉलिक ॲसिड तेवढे सुरू ठेवले.

आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा मला तुपातेलाबद्दल विचारलेच नाही. त्यांनी चहा विचारला. किती वेळा, किती साखर, सोबत काय. मग उपवास विचारले. मी चतुर्थी आणि श्रावणातले सोमवार करते. उपवास म्हणजे आमच्या नाशिककडे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी बटाट्याचा कीस नाहीतर राजगिऱ्याचा लाडू. ‘‘म्हणजे त्या दिवशी तुम्ही नेहमीपेक्षा जास्त पिष्ट खाता,’’ त्या म्हणाल्या. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात तळणापेक्षा साखर, मैदा आणि साबुदाण्यासारखे पिष्ट यांचा हात मोठा असतो, कारण जास्तीच्या साखरेची चरबी यकृत बनवते, हे माझ्यासाठी नवीन होते. मी आजवर तूप सोडून बिस्किटे खाणारी होते. उपवास सोडायला त्यांनी सांगितले नाही. खिचडीऐवजी भगरीचा छोटा वाटा, भरपूर दही-काकडी, मूठभर दाणे आणि फळ अशी त्यांनी मांडणी बदलून दिली. चहाची साखर बंद झाली. सकाळच्या पोह्यांत मोडाची मटकी मिसळायला लागली आणि रात्री पोळीऐवजी ज्वारीची एक भाकरी, उसळ, कोशिंबीर. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या वर नको, हा हिशेब सासूबाईंनी स्वतःकडे घेतला आणि किराणा आला की बाटलीवर तारीख टाकू लागल्या. जेवणात जवसाची चटणी रोज असायची. तिने किती फरक पडला असेल कोण जाणे, पण चवीला फार छान.

चालायला आम्ही दोघे गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर जायचो. गर्भपातानंतर लोकांत मिसळायला नको वाटते, भेटणारा प्रत्येक जण काही ना काही विचारतो. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने चालत असल्यामुळे कुणाशी समोरासमोर गाठ पडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. आठवड्याचे पाच दिवस, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने, हे सूत्र मला मिळाले होते. वजन कमी करण्याचे उद्दिष्टही माफक दिले होते, कारण पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी ट्रायग्लिसराइडमध्ये ठळक फरक दिसतो.

नोकरीच्या ठिकाणचा एक मुद्दा इथेच नोंदवते, कारण तो पुष्कळ जणींना माहीत नसतो. मातृत्व लाभ कायदा, 1961 च्या कलम 9 मध्ये गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद होती. मला आधी आजारपणाची रजा टाकायला सांगितले गेले होते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि कलमाची प्रत जोडून अर्ज दिला तेव्हा रजा मंजूर झाली, आणि तपासण्यांच्या धावपळीसाठी आजारपणाची रजा शिल्लक राहिली.

साधारण तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिले. ट्रायग्लिसराइड 178. एकूण कोलेस्टेरॉल 194, एलडीएल 120, एचडीएल 38. एचबीएवनसी 5.6 वर आले होते. नवऱ्याला एलडीएल जिथल्या तिथे पाहून निराशा वाटली, पण आम्ही बदललेल्या गोष्टींचा परिणाम आधी ट्रायग्लिसराइडवरच दिसणार होता. एचडीएल तर फार सावकाश हलते आणि काहींचे आयुष्यभर कमीच राहते. 150 चा टप्पा गाठेपर्यंत थांबू का, असे मी मॅडमना विचारले. त्यांनी नाही म्हटले. माझे वय वाढत जाण्याचा धोका निश्चित होता आणि उरलेल्या 28 आकड्यांचा फायदा अनिश्चित; अशा वेळी अहवाल परिपूर्ण होण्याची वाट पाहणे शहाणपणाचे नाही, हा त्यांचा हिशेब होता. मला वाटते, या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा सल्ला हाच होता.

पुढे दिवस राहिले. सातव्या आठवड्यात थोडे लाल दिसले आणि मी जागच्या जागी बसले. सोनोग्राफीपूर्वीचा एफ फॉर्म पुन्हा पुढे आला, गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही या ओळीखाली मी सही केली. ठोके आहेत की नाहीत एवढेच मला जाणून घ्यायचे होते. ठोके होते. मॅडमनी योनीमार्गे घ्यायचे प्रोजेस्टेरॉन सुरू केले. त्यालाही आधार होता: ब्रिटनमधल्या 48 रुग्णालयांत 4,153 स्त्रियांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिझम’ चाचणीत एकंदर फरक ठाम दिसला नाही, परंतु आधी गर्भपात झालेल्या आणि आता रक्त दिसत असलेल्या स्त्रियांत प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांपैकी 75 टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी 70 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. पाच टक्क्यांचा तो फरक मी रोज रात्री जपून वापरला.

गर्भारपणात मी लिपिड तपासायचे का, असे दोनदा विचारले. तेव्हा ते वाढणारच, वाढलेल्या आकड्याने तुझी झोप जाईल आणि उपचार काही बदलणार नाहीत, असे म्हणून मॅडमनी ते टाळले. पथ्यापूर्वीचा माझा आकडा 285 होता म्हणून शेवटच्या तिमाहीत पोटात जोराचे दुखले तर लगेच यायचे आणि ट्रायग्लिसराइडचा उल्लेख करायचा, एवढी सूचना त्यांनी कार्डावर लिहून ठेवली. तशी वेळ आली नाही. पूर्ण दिवसांची मुलगी झाली.

नातेवाइकांत आता ‘पथ्याने गुण आला’ अशी गोष्ट सांगितली जाते. मी ती खोडत बसत नाही, पण स्वतः ती सांगतही नाही, कारण दोन गर्भपातांनंतर काहीही उपचार न करता पुढचे मूल व्यवस्थित होणाऱ्या स्त्रियाच बहुसंख्य असतात आणि मी त्यांच्यापैकीच एक असण्याची शक्यता मोठी आहे.

स्तनपानाचे पहिले महिने सरल्यावर फिजिशियनकडे पुन्हा गेले. या वेळी त्यांनी माझ्या कागदावर हृदयविकाराच्या जोखमींच्या रकान्यात वडिलांच्या बायपासखाली ‘दोन गर्भपात’ असे लिहिले. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांत पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचे प्रमाण काहीसे जास्त आढळते, म्हणून स्त्रीचा प्रसूतीचा इतिहास हृदयाच्या फायलीतही असावा, असे ते म्हणाले. आता वर्षातून एकदा लिपिड, वडिलांमुळे एकदाच करायची लिपोप्रोटीन-ए (रक्तातला एक अनुवंशिक चरबीकण) ही तपासणी, आणि दुसऱ्या मुलाचा विचार नसेल तेव्हा स्टॅटिनचा पुनर्विचार असे ठरले आहे. माझ्या धाकट्या भावाने वडिलांच्या ऑपरेशनला इतकी वर्षे होऊनही कधी रक्त तपासले नव्हते. त्यालाही त्यांनी उपाशीपोटी बोलावले आहे.